शेवटच्या मडक्यातली निवळी

बनवारीची दाढ तिसऱ्या हिसक्याला निघाली.

पहिल्या दोन वेळा पकड घसरली. तोंडात रक्त फार झालं होतं, आणि पकड विजेच्या तारा तोडायची होती, दाढा काढायची नव्हे. दोघांनी त्याचे हात मागे ओढून धरले होते, एकजण छातीवर बसला होता. आठवडी बाजाराच्या फाटकाशी, कांद्याच्या गोण्या आणि रसवंती यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, सकाळी अकराच्या उन्हात हे चाललं होतं. बायका मेथीच्या जुड्या हातात धरून थांबल्या होत्या. दाढ निघाली तशी टोळक्यातल्या धनंजयने ती कागदात गुंडाळली. अशा दाढा नंतर गावच्या शिवेपलीकडे फेकत. बाहेरचा दगड बाहेर, असं म्हणत.

माणसं पांगली, तशी लिंबाखाली चुन्याच्या डब्या मांडून बसलेली छबूबाई उठली. पस्तीस वर्षं तिची तीच जागा. तिने बनवारीच्या तोंडात तुरटीचा बोळा धरला, गालावर हळद-चुन्याचा लेप दिला. बनवारी कुकर दुरुस्त करायचा. सतरा वर्षांत खडकनिंबमधल्या घरोघरच्या कुकरच्या शिट्ट्या त्याने बसवल्या होत्या, त्यामुळे ज्यांनी दाढ ओढली त्यांच्या घरी तुरीची डाळ किती शिट्ट्यांत शिजते हेही त्याला ठाऊक होतं. बोळ्याआडून तो एवढंच म्हणाला, की मावशी, तुमचा कुकर तयार आहे, सोनीबरोबर पाठवतो. सोनी ही त्याची मुलगी.

पकड ज्याच्या हातात होती तो रणजित, छबूबाईचा एकुलता एक. पोरगा फोडतो आणि आई लिंपते, असं गाव म्हणायला लागलं होतं. छबूबाईला ते लागायचं, पण खोटं आहे म्हणायची सोय नव्हती.

दाढेवरून माणूस कुठला ते सांगणारं यंत्र मुळात माणसांसाठी नव्हतंच, आंब्यांसाठी होतं. कुठलाही आंबा पेटीत भरून हापूस म्हणून विकणारे फार झाले, तेव्हा कुणी हुशार लोकांनी ते शोधून काढलं. जमिनीखालच्या खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू किंचित असतो. त्याची दोन भावंडं, एक जरा जड, एक जरा हलकं. शास्त्रात त्यांना समस्थानिकं म्हणतात. खडक जुनापुराणा असला की बहुधा जड भावंडाचा वाटा वाढतो. आपला दख्खनचा काळा पाषाण खडकांच्या मानाने पोरसवदा, साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणून इथे तो वाटा कमी. खडकातून तो पाण्यात उतरतो, पाण्यातून पिकात, पिकातून अंगात. शरीर भोळं. ते स्ट्रॉन्शियमला कॅल्शियम समजून हाडादातांत बसवून टाकतं. हाड जन्मभर मोडत-बांधत राहतं, पण दाताचं कवच एकदा बनलं की बनलं. पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षी दिसते खरी, पण तिच्या टोकांचं कवच हिरडीच्या आत, मूल मांडीवर असतानाच तयार होत असतं. म्हणजे पहिल्या वर्षात पोटात कुठला खडक गेला हे त्या टोकावर कोरलेलं असतं, आणि ते मरेपर्यंत खोडता येत नाही.

आंब्याला लावायचा चिमटा कुणीतरी पहिल्यांदा माणसाच्या दाढेला लावला, आणि मग आंबे राहिले बाजूला. खसखशीच्या शंभराव्या हिश्शाएवढं कवच लेझरने उडवायचं, वीस सेकंदांत जड-हलक्याच्या प्रमाणाचा आकडा. शून्य पॉइंट सातशे पाच. लोकांनी त्यातलं शून्य, पॉइंट आणि सातशे काढून टाकले. चार ते सात म्हणजे काळ्या दगडाचा, इथला. त्याच्या वरचा तो बाहेरचा.

दाढ हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं सरकारने पत्रक काढलं. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मंगल कार्यालयाची जाहिरात लागली. खोली भाड्याने मागायला गेलं की मालक विचारायचा, कितीचा? सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी दाढ. गिरणीत आधी सातच्या आतल्यांचं दळण, मग राहिलेल्यांचं. नागरिकत्व हा शब्द पूर्वी शाळेच्या पुस्तकात नाहीतर निवडणुकीत भेटायचा, आता तो पिठाचा डबा घेऊन रांगेत उभा राहिला. रहिवासी दक्षता समिती नावाची पंचवीसतीस पोरं रणजितने जमवली. तिला कुणी अधिकार दिला नव्हता, म्हणून काढून घ्यायलाही कुणी आलं नाही. चौकीवर तक्रार द्यायला जाणाऱ्याला हवालदार आधी विचारायचा, कितीचा?

महिन्याभरापूर्वी वीटभट्टीवरच्या एका माणसाला शिवेवर नेलं, तो परत आलाच नाही. पाय घसरून पडला आणि डोकं दगडावर आपटलं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

गंमत म्हणजे बनवारी नऊचा आणि सोनी पाचाची. ती इथेच जन्मलेली. बापाला शिवेपार करायचं तर इथल्या मुलीचा बाप कोण, हा प्रश्न समितीसमोर आला होता. त्यावर पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं होतं.

समितीतल्या पोरांची दाढ मात्र कुणी तपासली नव्हती. चिमटा धरणाऱ्याला चिमटा कोण लावणार? फक्त रणजितने पहिल्या दिवशी चारचौघांत स्वतःच्या दाढेला लावून दाखवला होता. पाच. त्या दिवसापासून तो दादा झाला.

दगडूचं प्रकरण पाण्यावरून झालं.

दगडू हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. खांद्यापर्यंत पोचेल एवढी लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवत हिंडायचा. दगडू हे नाव त्याच्या पिढीत कुणी ठेवत नव्हतं, पण आधीची तीन मुलं गेल्यावर आई फॅशन बघत नाही. हा तरी दगडासारखा टिकू दे, म्हणून पारूने ते ठेवलं. त्याच्या पणज्याने खणलेल्या आडाचं पाणी निम्मं गाव प्यायलं होतं.

बनवारी राहायचा त्या पत्र्याच्या गल्लीचं पाणी बंद करायचं, असं समितीने त्याला सांगितलं. तिथे आठ, नऊ, दहाचे बरेच होते. दगडूने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी नेमाने व्हॉल्व्ह उघडला. विचारायला आलेल्या पोरांना तो म्हणाला, की मला गावाला पाणी सोडायला ठेवलंय, दाढा मोजायला नाही.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला टाकीखाली गाठला. चिमटा लावला तो निव्वळ खोड मोडायला, धाक म्हणून. दगडूचा आकडा कुणी मोजला नव्हता, तरी सगळ्यांना तो माहीतच होता. यंत्र म्हणालं, अकरा.

आधी पोरं हसली. यंत्र पुसून पुन्हा लावलं. अकरा. मग ती हसायची थांबली. इतकी वर्षं हा आपल्यात राहिला, आपल्या ताटात जेवला, आपल्या पाण्याची चावी याच्या हातात, आणि हा अकरा? नऊच्या माणसाचा त्यांना एवढा राग कधी आला नव्हता. त्याचीच चावी त्याच्याच जबड्यावर बसली. पंपाच्या खोलीत त्याला कोंडला, आणि चार वाजता शिवेवर न्यायचं ठरलं.

पारू अनवाणी छबूबाईकडे आली. "छबू, बाराव्या दिवशी त्याच्या जिभेवर पहिली पळी तू सोडलीस," ती म्हणाली. "तू सांग त्यांना. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

हा त्या गावचा रिवाज होता. छबूबाई लोणाऱ्याची सून. ओढ्याकाठी त्यांची चुन्याची भट्टी होती. घरात मूल झालं की बारशाला लोणारीण निवळी घेऊन जायची. निवळी म्हणजे चुना पाण्यात ढवळून ठेवला की वर येतं ते स्वच्छ पाणी. बाळाचं पोट आणि हाडं धरायला ते देतात. पहिली पळी लोणारणीने पाजायची, पैसा घ्यायचा नाही, ओटीत तांदूळ आणि खण घ्यायचा. मग दात येईपर्यंत रोज एक पळी. गावात जन्माची नोंद आधी छबूबाईच्या बाटलीतून व्हायची, ग्रामपंचायतीचा नंबर त्यानंतर.

छबूबाई पंपाच्या खोलीपाशी गेली. पोरं उठून उभी राहिली, मावशी उन्हात कशाला आलात म्हणाली, एकाने पाणीही पुढे केलं. खिडकीच्या गजांतून तिने आत पाहिलं. दगडूचा जबडा एका बाजूला उतरला होता आणि तो भिंतीला डोकं टेकून, ओठ न हलवता, श्वास घेत होता. तिने सांगितलं, की हा इथलाच, माझ्या हाताने निवळी पाजलीय मी.

धनंजय अदबीने म्हणाला, "मावशी, माणूस माया करतो, विसरतो, खोटंही बोलतो. दाढ नाही बोलत."

घरी परतताना त्याचं ते वाक्य तिच्या पायात काट्यासारखं राहिलं. दाढ खोटं बोलत नाही, कबूल. मग तान्ह्या दगडूच्या पोटात गेलं तरी काय होतं? पारूला दूध कमी. आणि तीन लेकरांमागून आलेला म्हणून त्याला रोज एकाऐवजी सकाळ-संध्याकाळ दोन पळ्या द्यायला छबूनेच सांगितलं होतं. आईच्या दुधात खडक उतरतो तो नावाला. चुना म्हणजे तर अख्खा खडकच, भाजून विरघळवलेला.

ती दाराशीच थांबली.

घरी रणजित आंघोळीला गेला होता. यंत्र फडताळात चार्जिंगला लावलेलं होतं. छबूबाईने न्हाणीघरातल्या तांब्याचा आवाज ऐकला आणि माजघराच्या कोपऱ्यातलं मडकं उघडलं. पाण्याखाली ठेवलेला चुना मरत नाही, जुना होतो तसा लोण्यासारखा होतो. हे मडकं चौतीस वर्षांचं होतं. तिच्या नवऱ्याने, भिकाजीने, शेतातली चुनखडी भाजून विझवलेला शेवटचा घाणा. रणजित सातव्या महिन्याचा पोटात असताना भट्टीची भिंत कोसळली आणि भिकाजी आत राहिला. भट्टी बंद झाली, पण बारशी बंद झाली नाहीत. छबूने बाहेरून ट्रकने येणारा पोत्यातला चुना घ्यायला सुरुवात केली आणि विचारणाऱ्याला भट्टीचाच आहे म्हणून सांगितलं. बाराव्या दिवशी परक्या चुन्याची निवळी खडकनिंबमधल्या कुठल्या घराने घेतली असती? सात वर्षं ती गावभर पोत्यातली निवळी वाटत राहिली. मग दवाखान्यातल्या बाटल्या आल्या आणि रिवाज आपोआप मोडला. पोत्यावरचा शिक्का आजही तोच होता, डबीतला चुनाही त्याच खाणीचा.

तिने मडक्यातला चुना एका नखावर वाळवला, डबीतला दुसऱ्या नखावर. चिमटा कसा लावायचा हे तिने बाजारात बसून शंभरदा पाहिलं होतं.

मडकं: पाच. डबी: अकरा.

"काय करतेस?"

रणजित ओल्या केसांनी दारात उभा होता. तिने सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला नाही, तो मुळात हुशार मुलगा. त्याच्या डोळ्यांपुढे समितीतला एकेक चेहरा येत असलेला तिला दिसला. धनंजय, सुजित, कोष्ट्याचा निशिकांत. सगळे त्या सात वर्षांतले. सगळे जुन्या घरांतले, वाजतगाजत बारसं झालेले. पत्र्याच्या गल्लीतल्या पोरांना निवळी कुणी पाजली नव्हती, त्यांनी इथलं नुसतं पाणी प्यायलं आणि ती पाचाची झाली.

"हे तू पाहिलं नाहीस," तो म्हणाला.

"दगडू मरेल रे."

"एक दगडू गेला तर समिती राहील. समिती गेली तर मी राहणार नाही, आई. मी कुणाकुणाच्या दाढा काढल्यात ते तुला माहितीये. आता काय ते तू बघ."

त्याने मडकं उचललं आणि उंबऱ्यावर आपटलं. यंत्र बगलेत मारून तो निघून गेला.

छबूबाई पांढऱ्या चिखलात बसून राहिली. दिवस राहिलेले असताना ती या मडक्याला टेकून रडली होती, आणि बाळंतपणानंतर त्यातूनच रोज एक पळी त्या मुलाला पाजली होती. इतरांना पोत्यातली, त्याला बापाच्या हातची. त्यात काही चुकतंय असं तेव्हा मनात आलंही नव्हतं. घरचं तूप कुणी गावजेवणात वाढतं का?

चार वाजायला आले तेव्हा तिने उजव्या हाताने जमिनीवरचा चुना खरवडून मुठीत घेतला, डाव्या हातात डबी उपडी केली, आणि निघाली. शीव मैलभर. निम्म्या वाटेतच चुना तळहात खायला लागला. तिने मुठी सोडल्या नाहीत.

शिवेवर शेंदूर फासलेला दगड आणि तीन बाभळी. पन्नासेक माणसं होती. दगडूला गुडघ्यांवर बसवला होता, हात मागे बांधून. नेहमीप्रमाणे दाढ काढायची तर मोडलेला जबडा उघडत नव्हता, म्हणून सुजितने काठी घालून तो उघडायला घेतला होता, आणि दगडूच्या तोंडून येणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. मागे कुणीतरी मोठा धोंडा उचलून आणून ठेवला होता. पाय घसरण्याची तयारी झाली होती.

पारू जमिनीवर पडलेली होती. छबूबाई तिला ओलांडून पुढे गेली आणि यंत्र धनंजयच्या हातात होतं ते बघून तिने त्याच्यापुढे दोन्ही तळहात उघडले. कातडी सोलपटून गुलाबी झाली होती.

"लाव," ती म्हणाली. "आधी उजव्याला."

रणजित पुढे झाला, आईला ऊन लागलंय म्हणाला, यंत्राला हात घातला. पण धनंजयने ते बाजूला घेतलं. त्यात बंड नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. वाळलेल्या चुन्याला त्याने चिमटा लावला. पाच. डाव्या हाताला लावला. अकरा.

मग तिने सांगितलं. भट्टी पडल्याचं, पोत्यांचं, सात वर्षांच्या खोट्याचं. बोलता बोलता ती एकेका पोराकडे बघून त्याचं बारसं सांगत गेली. धनंजय, तुझ्या वेळी पाऊस होता आणि तुझ्या आजीने मला इरलं दिलं. सुजित, तू पहिली पळी माझ्या अंगावर थुंकलास. निशिकांत, तुला गोड लागावी म्हणून तुझ्या आत्याने मध घातला होता. त्या चुन्याचा आकडा अकरा. म्हणून दगडू अकरा. आणि तुम्हीही.

धनंजयने चिमटा उलटा धरला, तोंड उघडलं आणि स्वतःच्या दाढेला लावला. वीस सेकंद फार मोठी असतात. त्याने पडद्याकडे बघितलं आणि यंत्र सुजितकडे दिलं. सुजितने निशिकांतकडे. ते हातोहात फिरत गेलं, पंगतीत मीठ फिरतं तसं, आणि दर वेळी एक माणूस खाली बघू लागला. दगडूच्या तोंडातली काठी कुणीतरी काढली.

आता सुटला, असं छबूबाईला वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मग रणजितदादा पाच कसे?"

तिने मुलाकडे पाहिलं. तो अगदी हळू मान हलवत होता, लहानपणी औषध नको असलं की हलवायचा तशी. योगायोग म्हणता आलं असतं. देवाची करणी म्हणता आलं असतं. पण मग चुन्याची सगळी गोष्टच खोटी ठरली असती. त्याच दिवसांतलं, त्याच हाताने पाजलेलं पोर पाच निघतंच कसं, असं ते म्हणाले असते, आणि काठी पुन्हा दगडूच्या तोंडात गेली असती. धोंडा तिथेच होता.

"शेवटचं मडकं मी माझ्यासाठी ठेवलं होतं," छबूबाई म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना पोत्यातली दिली. याला भट्टीतली."

पुढचं फार पटकन झालं. पहिला दगड कुणी उचलला ते तिला दिसलं नाही. ज्याने सगळ्यांच्या दाढा मोजल्या त्याची एकट्याचीच दाढ खरी, हे त्या पोरांना सोसलं नाही. आपण सगळे अकरा तर हा पाच कोण? निशिकांतने मागून रणजितच्या गुडघ्यावर दगडूची चावी घातली, हाड मोडल्याचा आवाज बाभळीपर्यंत गेला. धनंजय छातीवर बसला. छबूबाईला दोघांनी धरून ठेवलं, हळूच, मावशी मावशी म्हणत.

रणजितची दाढ पहिल्याच हिसक्याला निघाली. आता हात बसला होता.

ती त्यांनी शिवेपलीकडे फेकली आणि कुणाचंही तोंड न बघता सगळे गावाकडे निघून गेले. राहिले चौघे. दोन आया आणि दोन मुलगे. छबूबाईच्या एका तळहातावर थोडा चुना शिल्लक होता. ती आधी दगडूकडे गेली. त्याचं रक्त जास्त वेळ वाहत होतं.

पाचव्या दिवशी समितीची बैठक झाली. यंत्र फोडून टाकतील असं छबूबाईला वाटलं होतं. तिला माणसांचा अनुभव होता, तरी वाटलं होतं. यंत्र पुसून कपाटात ठेवलं होतं. धनंजय अध्यक्ष झाला आणि ठराव झाला, की चार ते सात आणि अकरा हे इथले धरावेत. आठ, नऊ, दहा बाहेरचे. अकराच्या चुन्याला आता गावात मान आला. दोन घरांनी तर बारशाला पोत्यातलीच निवळी हवी म्हणून निरोप पाठवले.

रणजित खाटेवर पडून होता, पाय प्लॅस्टरमध्ये, गाल टम्म. आईशी तो बोलत नव्हता. ती रोज लेप करायची, तो भिंतीकडे बघायचा. त्या दिवशी लेप बोटावर घेतल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं, "कुठला चुना?"

"पोत्यातला. दुसरा राहिलाय कुठे?"

त्याने गाल पुढे केला.

दाराशी दगडू उभा होता. जबडा पट्टीने डोक्याला बांधलेला, एक डोळा उघडत नव्हता, बोलणं दातांच्या फटीतून. त्याला कामावर परत घेतलं होतं, चावी धुऊन दिली होती. त्याने रणजितकडे बघितलं, रणजितने त्याच्याकडे.

"मावशी, मी अकराचा, म्हणून मी चालतो म्हणाले ते," दगडू म्हणाला. "पत्र्याच्या गल्लीला मात्र पाणी नाही. चार दिवस झाले, बनवारीची सोनी कळशी घेऊन आडापर्यंत येते, तिथूनही हाकलतात. मी आत्ता व्हॉल्व्ह उघडायला निघालोय. तुम्हाला सांगून जावं म्हटलं."

सांगून जावं म्हणजे नंतर लेप तयार ठेवा, हे तिला कळलं. फाटकाच्या बाजूने शिट्टीचा आवाज आलाच; समितीची पोरं एकमेकांना बोलवायची तेव्हा तशी वाजवत.

छबूबाईने हळदीचा डबा झाकून ठेवला. परसातलं लोखंडी घमेलं काढलं आणि त्यात कळीचा चुना भरला. न विझवलेला, कोरडा, पांढरे खडे. त्याच्यावर पाणी पडलं की तो उकळतो, उडतो, आणि डोळ्यांत गेला तर डोळा ठेवत नाही. हे खडकनिंबमध्ये लहान मुलालाही सांगावं लागत नाही.

"कुठे निघालीस?" रणजितने विचारलं. "अजून कुणाला काही झालेलंही नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

तिने चुंबळ केली, घमेलं डोक्यावर आणि रिकामा तांब्या हातात घेतला. दगडू पुढे, चावी जमिनीवर टेकत. पत्र्याच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तो उतरला, तेव्हा पोरं कोपऱ्यावर आली होती. छबूबाई खड्ड्याच्या काठावर बसली, घमेलं मांडीशी घेतलं आणि तांब्या शेजारच्या गल्लीच्या नळाखाली धरला.

"उघड," ती म्हणाली.

पाइप आधी खोकला, मग पाणी आलं. तांब्या भरला. तो तिने घमेल्याच्या वर धरला आणि पोरांकडे बघितलं. धनंजय सगळ्यांच्या पुढे होता. तो थांबला. गल्लीच्या आतून कळशी घेऊन सोनी धावत आली.